कॉम्प्युटर झटपट चालू व्हायला हवा असेल तर कुठली ड्राइव्ह घ्यायची

सरळ मुद्द्याचं आधी सांगतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावरच असेल, तर तिच्या जागी कुठल्याही बऱ्या कंपनीची एसएसडी, म्हणजे चिप्सवर माहिती ठेवणारी ड्राइव्ह, टाका, मशीन चालू व्हायचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. आणि तुमच्याकडे आधीच एसएसडी आहे, पण "अजून फास्ट पाहिजे" म्हणून तुम्ही महागडी जेन ४ नाहीतर जेन ५ (एसएसडीच्या नव्या, जास्त वेगाच्या पिढ्या) घ्यायला निघाला असाल, तर फक्त चालू व्हायच्या वेळेसाठी ते पैसे घालू नका, फरक पडेल तो एक-दोन सेकंदांचा.

एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. पण असं का होतं ते समजून घेतलं तर दुकानात उभं राहून कुणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला निर्णय घेता येईल, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा छापलेला असतो ना, सेकंदाला अमुक हजार एमबी, तो आकडा मशीन चालू होण्याच्या बाबतीत दोन्हीकडून दिशाभूल करतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाताना तो खरा फायदा फारच कमी दाखवतो, आणि साध्या एसएसडीवरून महागड्या एसएसडीवर जाताना तो फायदा फारच फुगवून दाखवतो. लोकांचे पैसे नेमके इथेच चुकीच्या ठिकाणी जातात.

हार्ड डिस्क म्हणजे शेवटी एक यंत्र आहे, आत चकत्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक हात पुढेमागे सरकतो. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, डेस्कटॉपमध्ये ७२०० ची. आता हिशोब बघा, ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद, म्हणजे आपल्याला हवा तो तुकडा हेडखाली, म्हणजे हाताच्या टोकावरच्या वाचकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी धरली तर ४.२ मिलिसेकंद, ५४०० वालीला हेच ५.६. शिवाय हात योग्य जागी सरकायला आणखी ८ ते १२ मिलिसेकंद लागतात ते वेगळेच. म्हणजे एक छोटासा तुकडा शोधून वाचायला १२ ते १८ मिलिसेकंद गेले, सेकंदाला साठ-ऐंशी तुकडे झाले, लईच चांगली डिस्क असली तर शंभर. आयबीएमने १९५६ साली रामॅक नावाच्या मशीनमध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, २४ इंची ५० चकत्या आणि सगळं मिळून ५० लाख अक्षरं मावायची, तेव्हापासून तत्त्व तेच आहे, फिरणारी चकती आणि सरकणारा हात. चकतीवर माल किती मावतो ते लाखो पटींनी वाढलं पण हाताला सरकायला वेळ लागतो तो लागतोच.

आता विंडोज चालू होताना काय होतं, तर ते एक मोठी फाइल सलग वाचत बसत नाही. कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा, ड्रायव्हर, रजिस्ट्री, फॉन्ट, ढीगभर सर्व्हिसेस, मग तुम्ही पासवर्ड टाकला की अँटीव्हायरस, क्लाउडवाली ॲप्स, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, असे हजारो छोटे छोटे तुकडे डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा करायचे असतात. किराणा दुकानात एकच माणूस आहे, यादी लांबलचक आहे आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या फळीवर आहे, मग तो माणूस कितीही जोरात पळाला तरी गिऱ्हाईक उभंच राहणार, तसं ते आहे. एक तुकडा ४ केबीचा धरला आणि सेकंदाला ऐंशी तुकडे, तर झाले ३२० केबी. जी डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देते तीच असं विखुरलेलं वाचताना अर्धा एमबीसुद्धा देत नाही! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि शेजारी वेग लिहिलेला असतो १ एमबीच्या आतबाहेर, ते याचमुळे. बऱ्याच लोकांना वाटतं व्हायरस आहे, तर तसं काही नसतं, बिचारा हात सरकून सरकून दमलेला असतो. (विंडोज यातलं थोडं सावरून घेतं, चालू होताना लागणारे तुकडे आधीच अंदाजाने ओढून ठेवतं, त्यामुळे प्रत्यक्षात अगदी इतकं वाईट होत नाही, पण फार सुधारणाही होत नाही.)

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिप्स. तुकडा कुठेही असला तरी साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात. साधी साटा एसएसडी (साटा म्हणजे हार्ड डिस्क जोडतात तीच जुनी जोडणी) एका वेळी एकच तुकडा मागितला तरी सेकंदाला दहा हजारांच्या आसपास तुकडे देते, ४ केबीने गुणा, ४० एमबी. म्हणजे खोक्यावर बघितलं तर हार्ड डिस्क १५० आणि साटा एसएसडी ५५०, असं वाटतं की साडेतीन-चार पट फरक आहे, आणि ज्या कामासाठी आपण ती घेतोय त्या कामात फरक शंभर पटीचा आहे.

हे सगळं मी इतक्या तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या दाजींचं तालुक्याच्या गावात महा ई-सेवा केंद्र आहे. जून-जुलैमध्ये ॲडमिशनच्या दिवसांत तिथे काय गर्दी असते ते ज्याने बघितलंय त्यालाच माहिती, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, सकाळी शटर उघडायच्या आधी पोरं आणि त्यांचे आईवडील कागदांच्या पिशव्या घेऊन उभे, काही जण खेडेगावातून पहिल्या एसटीने आलेले. आणि दाजींचा कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून पोर्टल दिसेपर्यंत पाच-सहा मिनिटं घ्यायचा. त्यात मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, वरून डिस्क तपासणीचा काळा स्क्रीन. दाजी म्हणाले, "अरे, नवीनच घेऊन टाकूया का, दुकानदार म्हणतोय पस्तीस-चाळीस हजारांत होईल." मी म्हणलं, "दाजी, तुम्ही जरा थांबा, आधी आत काय आहे ते बघू, दाखले टाइप करायला प्रोसेसर काय कमी पडत नाही."

आत होता चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. प्रोसेसर त्या कामाला अजूनही पुरून उरतो. त्या बोर्डवर एम डॉट टूची खाच (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा) नाही, त्यामुळे २.५ इंची साटा एसएसडी हाच पर्याय, आणि मी म्हणेन उत्तम पर्याय. ५०० जीबीची साटा एसएसडी आणि वर ४ जीबीची आणखी एक रॅम, बस. तेच मशीन आता पाऊण मिनिटाच्या आत पोर्टलच्या लॉगिन पानावर येतं. नवीन मशीनच्या किमतीच्या मानाने खर्च फार थोडा झाला, आणि उरलेल्या पैशात दाजींनी चांगला यूपीएस घेतला, जो तिथे खरंच गरजेचा होता.

एच८१ वाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. त्या चिपसेटला साटाची चार पोर्ट असतात, त्यातली दोन ६ गिगाबिटची आणि दोन जुनी ३ गिगाबिटची. पोर्टशेजारी बोर्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एसएसडी ६ वाल्यात लावा. पण समजा तुमचं मशीन त्याहून जुनं आहे, २०१० च्या आसपासचा लॅपटॉप, आणि सगळीच पोर्ट ३ गिगाबिटची आहेत, तरी मागे हटू नका. सलग वाचायचा वेग ५५० वरून २७०-२८० वर येतो, पण छोट्या तुकड्यांचा वेग मुळातच ४० एमबीच्या आसपास असतो, त्याला ३ गिगाबिटचा रस्ता भरपूर रुंद आहे. "जुन्या पोर्टला एसएसडी लावून काय उपयोग" असं कुणी म्हणलं तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

आता एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगळ्या, नव्या पद्धतीने कॉम्प्युटरशी बोलणारी एसएसडी. जुना साटाचा जो व्यवहार आहे, एएचसीआय म्हणतात त्याला, तो फिरणाऱ्या डिस्कचा विचार करून बनवलेला, त्यात कामांची एकच रांग आणि तिच्यात ३२ कामं. एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन २०११ मध्ये आलं, त्यात जवळजवळ ६४ हजार रांगा आणि प्रत्येकीत तेवढीच कामं बसू शकतात. शिवाय ती पीसीआयई या मदरबोर्डवरच्या वेगवान रस्त्यावरून थेट प्रोसेसरशी बोलते, म्हणून जेन ३ ची ३५०० एमबीपर्यंत जाते, जेन ४ ची ७००० च्या पुढे आणि जेन ५ ची १४ हजारांपर्यंत. आकडे खरे आहेत, मोठी व्हिडिओ फाइल सलग वाचायची, कॉपी करायची, एडिटिंग करायचं, तर फरक डोळ्यांना दिसतो. पण विंडोज चालू होताना त्या ६४ हजार रांगा रिकाम्याच पडलेल्या असतात, एक तुकडा वाचला, त्यावरून कळलं पुढचा कुठला, मग तो वाचला, असं एकामागोमाग एक चाललेलं असतं. आणि अशा वाचनात चांगली जेन ३ वाली ५०-६० एमबी देते, जेन ४ वाली ८०-९० च्या आसपास. साटाच्या दुप्पट म्हणा. खोक्यावर बारा-तेरा पट लिहिलंय आणि इथे दुप्पट, आणि ती दुप्पटसुद्धा पूर्ण पदरात पडत नाही, कारण एकदा ड्राइव्ह इतकी वेगवान झाली की मग वेळ जातो तो प्रोसेसरचा, ड्रायव्हर चालू करण्याचा, हार्डवेअर ओळखण्याचा. म्हणून साटा आणि एनव्हीएमईमध्ये चालू होण्याचा फरक एक-दोन, फार तर तीन सेकंद.

याचा अर्थ एनव्हीएमई घेऊ नका असा अजिबात नाही हं. नवीन मशीनमध्ये खाच असेल तर एनव्हीएमईच घ्या, किमतीत आता साटापेक्षा फारसा फरक उरलेला नाही, केबल नाही, पॉवरची वायर नाही, एका स्क्रूचं काम. माझं म्हणणं एवढंच की जेन ३ आणि जेन ५ मधला जो फरक तुम्ही देणार ते पैसे रॅमवर किंवा बॅकअपच्या डिस्कवर घाला. इंटेलची ऑप्टेन नावाची एक वेगळ्याच जातीची मेमरी होती, अशा छोट्या तुकड्यांच्या वाचनात ती भल्याभल्या एसएसडींना मागे टाकायची, मला ती मनापासून आवडायची, पण २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच बंद करायचं जाहीर केलं. चांगल्या वस्तूला बाजारात जागा मिळतेच असं नाही.

ड्राइव्हचा दोष नसलेला वेळही असतो, आणि पैसे घालायच्या आधी तो मोजावा. टास्क मॅनेजर उघडा, कंट्रोल शिफ्ट एस्केप, त्यात स्टार्टअपच्या टॅबवर वर उजव्या कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" लिहिलेलं असतं. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीचा वेळ, मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो तेव्हाचा. तिथे पंधरा-वीस सेकंद दिसत असतील तर जगातली सगळ्यात महाग एसएसडीसुद्धा ते कमी करू शकत नाही, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन फास्ट बूट चालू करणं, नको ते बूट पर्याय बंद करणं, मागे कायम लटकणारे यूएसबी हब काढून बघणं, असले उपाय करावे लागतात. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनवर तर पहिल्यांदा चालू करताना किंवा सेटिंग बदलल्यावर मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे रॅम मदरबोर्डशी जुळवून घेणं, चालतं, स्क्रीन काळाच राहतो आणि लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, तसं करू नका, होऊ द्या त्याचं.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तुम्ही शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कर्नलची स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी ती फाइल सलग वाचून उठतं. सलग वाचन हार्ड डिस्कला बरं जमतं, म्हणून हार्ड डिस्कवर शटडाउननंतर चालू करायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा रिस्टार्टला जास्त लागतो. तुम्हाला खरी मोजणी करायची असेल तर रिस्टार्ट करून मोजा, त्यात ही सोय वापरली जात नाही. अजून खोलात जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स या लॉगमध्ये १०० नंबरची नोंद शोधा, डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ वेगळा आणि त्यानंतर मागची ॲप्स स्थिरावायचा वेळ वेगळा मिलिसेकंदात लिहिलेला असतो. लिनक्सवाल्यांना सिस्टमडी-ॲनलाइझ नावाची कमांड आहेच. दाजींच्या मशीनवर दुसरा वेळ भयंकर होता, बायोमेट्रिक मशीनची सर्व्हिस, दोन प्रिंटरांची सॉफ्टवेअर, स्कॅनरचं, डिजिटल सहीच्या टोकनचं, आणि कधीतरी कुणीतरी टाकून गेलेला दुसरा अँटीव्हायरस. तो दुसरा अँटीव्हायरस काढून टाकला, प्रिंटरची शाई दाखवणारी ॲप्स स्टार्टअपमधून बंद केली. फुकटात होणारं काम आहे हे, आधी हे करा.

बरं, मग खरेदी. सगळ्यात आधी आपल्या मशीनमध्ये काय बसतं ते बघायचं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. एम डॉट टूच्या पट्टीवर साटा एसएसडीसुद्धा येते आणि एनव्हीएमईसुद्धा, दोन्ही दिसायला सारख्या, काही लॅपटॉपच्या खाचेत फक्त साटावाली चालते, काहींत फक्त एनव्हीएमई, काहींत दोन्ही. ड्राइव्हच्या सोनेरी पिनांच्या बाजूला दोन कापे असतील तर ती बहुतेक साटा असते, एकच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, पण यावर विसंबू नका, लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीचं मॅन्युअल उघडून बघा. लांबीही बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, छोट्या लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० असते. २०१४ च्या आधीच्या बोर्डांवर पीसीआयई ॲडॉप्टर लावून एनव्हीएमई बसवता येते, विंडोजमध्ये दिसतेही, पण बहुतेकांचं बायोस तिच्यावरून चालूच होत नाही, आणि आपल्याला तर चालू होण्यासाठीच पाहिजे, तेव्हा तिथे साटाच. आणि अगदी स्वस्तातले काही छोटे लॅपटॉप असतात ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसीवाले, त्यांची मेमरी बोर्डवर सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही, आत दुसरी खाच दिली असेल तरच काही करता येतं.

डीव्हीडी ड्राइव्हवाल्या जुन्या लॅपटॉपमध्ये कॅडीची (डीव्हीडीच्या जागी डिस्क बसवायच्या चौकटीची) युक्ती अजूनही झकास चालते. डीव्हीडी काढायची, तिच्या जागी कॅडीत जुनी हार्ड डिस्क, आणि हार्ड डिस्कच्या मूळ जागी एसएसडी. उलटं करू नका, डीव्हीडीची जोडणी काही मॉडेलांत कमी वेगाची असते आणि काही लॅपटॉप त्या जागेवरून चालू व्हायला कुरकुर करतात. कॅडी ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, आधी डीव्हीडी ड्राइव्ह मोजून मगच आणा.

क्षमता किती, तर माझं मत पक्कं आहे, ५०० जीबी. १२० आणि १२८ वाल्या आता घेऊच नका, विंडोज आणि दोन मोठे अपडेट यातच त्या भरत येतात आणि भरलेली एसएसडी मंदावते. शिवाय छोट्या ड्राइव्हमध्ये चिप्स कमी, म्हणजे एकाच वेळी कमी ठिकाणी लिहिता येतं, म्हणून त्याच मॉडेलची मोठी ड्राइव्ह लिहिताना जास्त वेगवान असते. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर २४०-२५६ चालेल, त्याच्या खाली नको.

मग डीरॅम. एसएसडीला कुठला तुकडा कुठल्या चिपमध्ये आहे याचा नकाशा ठेवावा लागतो, चांगल्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी वेगळी डीरॅम चिप, म्हणजे स्वतःची छोटी वेगवान मेमरी, असते, स्वस्तातल्यांमध्ये नसते. एनव्हीएमईमध्ये डीरॅम नसली तरी ती कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडीशी जागा उसनी घेऊ शकते, एचएमबी म्हणतात, त्यामुळे डीरॅम नसलेली एनव्हीएमई घरगुती कामाला बिनधास्त घ्या. साटामध्ये ही सोय नाही, तिथे डीरॅम असणं जास्त महत्त्वाचं. सॅमसंगची ८७० इव्हो, क्रुशलची एमएक्स५०० यांच्यात ती असते, किंग्स्टनची ए४००, क्रुशलची बीएक्स५०० यांच्यात नसते. पण बजेट तेवढंच असेल तर ए४०० सारखी साधी ड्राइव्हसुद्धा हार्ड डिस्कच्या मानाने आकाशपाताळ फरक करते, डीरॅमवाली परवडत नाही म्हणून हार्ड डिस्कवर आणखी वर्ष काढू नका. टीएलसी आणि क्यूएलसी असाही प्रकार असतो, चिपच्या एका पेशीत टीएलसीत तीन आणि क्यूएलसीत चार बिट कोंबलेले असतात, क्यूएलसी स्वस्त पडते पण खूप डाटा एकदम लिहायला गेलं की वेग धपकन खाली येतो. सिस्टम ड्राइव्ह म्हणून टीएलसी बघा.

"एसएसडी लवकर मरते" ही भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. ५०० जीबीच्या ८७० इव्होवर कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते. रोज २० जीबी लिहिले, आणि साध्या वापरात एवढे होतही नाहीत, तरी वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे चाळीस वर्षं. लिहून लिहून ती संपायच्या कितीतरी आधी आपण मशीनच बदललेलं असेल. अचानक बिघाड होऊ शकतो, तो कुठल्याही वस्तूत होतो, त्यासाठी वॉरंटी ३ वर्षांची आहे की ५ वर्षांची ते बघा आणि पक्कं बिल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या मार्केटमध्ये बिलाशिवाय थोडं स्वस्त देतो म्हणतील, ते दोन-चारशे रुपये वाचवू नका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप्सचे भाव डेटा सेंटरच्या मागणीमुळे चढलेत, त्यामुळे नकली मालाचा मोह जास्तच वाढलाय. ऑनलाइन २ टीबीची, ४ टीबीची एसएसडी हजार-दीड हजारात दिसली तर ती खोटीच असते, आत छोटीशी चिप असते आणि फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) क्षमतेबद्दल खोटं सांगतं, तेवढी जागा भरली की पुढचा डाटा जुन्यावर लिहिला जातो नाहीतर गायब होतो. नवीन ड्राइव्ह हातात आली की त्यावर काहीही टाकायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण क्षमता तपासा. रात्री लावून झोपा, सकाळी निकाल.

बसवताना. पहिलं काम बॅकअप. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा, ०५ आणि सी५ या ओळींमध्ये रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्याच्या वर आकडा असेल तर डिस्क खराब व्हायला लागलीय, कदाचित मशीन मंद व्हायचं खरं कारण तेच असेल, मग क्लोनच्या (डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याच्या) भानगडीत न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करून घ्या. बिटलॉकर (डिस्कवरच्या डाटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही आत्ताच बघा, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं, रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधून कागदावर उतरवून ठेवा. डिस्क धडधाकट असेल तर क्लोन करता येतं, क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला फुकट आहेत. पण पाच-सात वर्षं फॉरमॅट न केलेलं मशीन असेल तर मी नव्याने विंडोज टाकायलाच सांगेन. टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा, नुसती एसएसडीच जोडलेली ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी आपली बूटची फाइल जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये ठेवतं, मग पुढे ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही, आणि मधल्या काळात बायोसला ती जुनी डिस्क जागी व्हायची वाटही बघावी लागते. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे का तेही बघा. एसएसडीवर डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) करायचा नाही, विंडोजला एसएसडी ओळखता येते, ते आपलं आपण ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना) पाठवतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दाजींच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून एसएसडी टाकणं वाया जातं का, तर मला तसं वाटत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेत, आणि ज्यांचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग एवढंच आहे त्यांनी लिनक्स मिंट टाकून बघावं, एसएसडीवर ते फार छान चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. दाजींना सहीच्या टोकनसाठी विंडोजच लागतं, त्यांनी पुढे मशीन बदललं तरी ही साटा एसएसडी नव्या डेस्कटॉपमध्ये जशीच्या तशी लागेल. शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कव्हर घालून ठेवलेली मशीनं बघितली की मला फार वाईट वाटतं, "स्लो आहेत" म्हणून पडून आहेत, आणि त्यातली कितीतरी एका २५६ जीबीच्या एसएसडीने उद्या मुलांच्या कामाला येतील.

काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर टाकू नका. यूएसबीची केस मिळते, तिच्यात घालून बॅकअपला वापरा, कारण कपाटात बंद करून ठेवायच्या डाटासाठी हार्ड डिस्कच बरी. साध्या एसएसडीसाठी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जे मानक आहे त्यात आयुष्य पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डाटा टिकवावा एवढीच अट आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश म्हणजे गारवाच. नवीन ड्राइव्ह असेल तर ती याहून बरीच जास्त टिकवते, पण लग्नाचे फोटो आणि जमिनीचे स्कॅन केलेले कागद एसएसडीवर ठेवून दोन-तीन वर्षं विसरून जाऊ नका. दाजींची जुनी ५०० जीबीची डिस्क आता केसमध्ये आहे, दर शनिवारी दुकान बंद करताना ते ती जोडतात आणि आठवड्याचे सगळे अर्ज आणि पावत्या तिच्यावर घेतात, सलग कॉपी असते, त्यामुळे तेवढं काम ती अजून व्यवस्थित करते.